टर्बो इंजिन की साधे इंजिन : खान्देशातल्या रस्त्यांसाठी पेट्रोल गाडी निवडताना

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शोरूममध्ये पेट्रोल गाडी पाहायला गेलेल्या माणसासमोर आता पुष्कळदा एकाच गाडीची दोन इंजिने ठेवली जातात. एक १.२ लिटरचे साधे, म्हणजे स्वतःच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर चालणारे, आणि दुसरे १ लिटरचे टर्बो. दुसरे आकाराने लहान असूनही ताकदीने मोठे व किमतीने महाग असते आणि विक्रेता बहुधा त्याचीच बाजू अधिक उत्साहाने मांडतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना ते पडताळून पाहता येईल. ज्या कुटुंबाची गाडी वर्षातला बहुतेक काळ तालुक्याच्या गावात, मळ्यापर्यंत आणि जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत फिरते, त्याने साधे इंजिन घ्यावे. ज्याची गाडी पाच माणसे भरून वारंवार घाट चढते किंवा दुपदरी रस्त्यावर रोज ट्रक मागे टाकते, त्याने टर्बोसाठी जास्तीचे पैसे खुशाल मोजावेत. अडचण एवढीच, की आपण या दोहोंपैकी कोणत्या गटात बसतो याचा अंदाज बहुतेक जण वापराऐवजी हौसेवरून बांधतात.

टर्बो करतो काय

इंजिनात पेट्रोल किती जाळता येईल हे आत येणाऱ्या हवेवर ठरते. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जी पोकळी तयार होते तिच्यात बाहेरची हवा आपोआप शिरते, त्याहून अधिक हवा मिळवायची तर इंजिन मोठे करावे लागते किंवा ते अधिक वेगाने फिरवावे लागते. टर्बोचार्जरमध्ये सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर आधी एका छोट्या चक्रावर सोडला जातो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र त्यामुळे फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. हवा दाबली की तापते, म्हणून ती मध्ये इंटरकूलरमधून निववून पुढे पाठवतात. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले होते, त्यामुळे तंत्र नवे आहे या भीतीत अर्थ नाही.

खरे तर खान्देशाला टर्बो अनोळखीही नाही. आज गावोगाव दिसणारी बोलेरो असो की लग्नसराईत भाड्याने धावणारी इनोव्हा क्रिस्टा, त्यांची डिझेल इंजिने टर्बोचीच आहेत. सध्या विकल्या जाणाऱ्या डिझेल मोटारींत टर्बो नसलेली गाडी शोधूनही सापडायची नाही. नवे काय असेल तर ते छोट्या पेट्रोल इंजिनावर बसवलेला टर्बो, आणि त्याच्या आपल्याकडच्या प्रसारामागे तंत्राइतकाच करही आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर गाडी करासाठी लहान धरली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के आणि त्यापेक्षा मोठ्या गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे. १२०० सीसीची मर्यादा न ओलांडता ताकद वाढवायची असेल, तर कंपनीला टर्बोशिवाय सोपा मार्ग उरत नाही.

माहितीपत्रकातला कोणता आकडा पाहावा

ग्राहक प्रथम अश्वशक्ती पाहतो आणि तिथेच थोडा चकतो. मारुती फ्राँक्सचे १.२ लिटरचे साधे इंजिन सुमारे ९० पीएस (पीएस म्हणजे जवळपास एक अश्वशक्ती) शक्ती देते आणि १ लिटरचे टर्बो सुमारे १०० पीएस. हा फरक दहाचाच, म्हणून फारसा वाटत नाही. पण शेजारचा टॉर्कचा रकाना वाचला तर चित्र बदलते. साध्या इंजिनाचा कमाल टॉर्क ११३ न्यूटन-मीटर असून तो ४४०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला ४४०० फेऱ्यांना) मिळतो, तर टर्बोचा जवळपास १४८ न्यूटन-मीटर असून तो २००० आरपीएमपासूनच हाती येतो. ह्युंदाई व्हेन्यूच्या १.२ लिटर इंजिनात सुमारे ११४ न्यूटन-मीटर ४००० आरपीएमला मिळतात, तिच्याच १ लिटर टर्बोत १७२ न्यूटन-मीटर १५०० पासून ४००० आरपीएमपर्यंत टिकतात. क्रेटामध्ये दोन्ही इंजिने १.५ लिटरची आहेत, तरीही साधे १४४ वर थांबते आणि टर्बो २५३ पर्यंत जाते.

टॉर्क म्हणजे आपल्या बोलीतली ‘ओढ’. ती किती आहे यापेक्षा कोणत्या आरपीएमला मिळते हे रोजच्या वापरात अधिक महत्त्वाचे ठरते, कारण गावातून, बाजारातून किंवा महामार्गावरही आपण ४४०० आरपीएमला क्वचितच गाडी चालवतो. बहुतेक काळ काटा १५०० ते २५०० च्या मध्ये असतो आणि टर्बोचा सगळा फायदा याच पट्ट्यात आहे. त्याची उणीवही याच पट्ट्याच्या खालच्या टोकाला असते. १५०० च्या खाली धूर पुरेसा जोरात येत नाही, चक्र वेग घेत नाही आणि तेवढ्या वेळेपुरते आपल्याकडे फक्त एक लिटरचे, बहुधा तीन सिलिंडरचे इंजिन उरते. गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सावकाश उचलताना क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम जोर येतो, तो याचमुळे. साधे इंजिन अशा ठिकाणी कमी जोराने पण पायाच्या दाबाबरोबर उचलते. गल्लीबोळांत आणि आठवडे बाजाराच्या गर्दीत हा गुण फार सुखाचा असतो, पण माहितीपत्रकात त्यासाठी रकाना नसतो.

उन्हाळा आणि उंची

टर्बोच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा एक मुद्दा असा, की उष्ण किंवा उंच प्रदेशात हवा विरळ होते आणि साधे इंजिन दमते. तत्त्वतः हे बरोबर आहे, पण आपल्या भागाला ते किती लागू पडते हे मोजून पाहावे. २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. म्हणजे जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात साध्या इंजिनाची ओढ तेवढीच घटते, आणि तिथे जाणवणारा खरा भार पूर्ण जोरात चाललेल्या एसीचा असतो. टर्बोलाही ऊन माफ नाही. बाहेरची हवाच तापलेली असल्यामुळे इंटरकूलर तिला फारशी निववू शकत नाही, आणि आत नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके, होऊ नये म्हणून इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो, प्रसंगी दाबही कमी करतो. उन्हाळा हे टर्बो घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

उंचीचेही तसेच. तापीच्या खोऱ्यातली आपली गावे समुद्रसपाटीपासून दोनशे-अडीचशे मीटरच्या आसपास आहेत. अपवाद तोरणमाळचा. ते सुमारे ११५० मीटर उंचीवर असून शहाद्याच्या तुलनेत तिथे हवा सुमारे दहा टक्के विरळ असते. तिथे साधे इंजिन दमते आणि टर्बो आपला दाब वाढवून ती उणीव बरीचशी भरून काढतो. पण वर्षातून एकदा पावसाळ्यात तोरणमाळला जाण्यासाठी इंजिन बदलून घेणे हा हिशेब कुणी करू नये.

आपला रस्ता कोणता

निवड खरोखर ठरते ती इथे, आणि म्हणून कागद घेऊन बसणे मी योग्य मानतो. गेल्या वर्षभरात गाडी, किंवा सध्या जी असेल ती, कुठे कुठे गेली, किती माणसे घेऊन गेली आणि कोण चालवत होते, एवढे लिहून काढावे.

प्रथम घाट पाहू. धुळ्याहून सुरतेकडे जाताना कोंडाईबारी, चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट, जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे अजिंठ्याचा घाट, इंदूरकडे जाताना सेंधव्याजवळचा बिजासन घाट आणि सप्तशृंगीला नांदुरीहून गडावर चढणारा रस्ता, हे आपले नेहमीचे चढ. ‘साधे इंजिन घाट चढत नाही’ असे सर्रास म्हटले जाते, ते चूक आहे. पाच माणसे आणि सामान धरून १४०० किलो झालेली गाडी सहा टक्के चढावर ताशी ५० किलोमीटर वेगाने न्यायला ढोबळमानाने १५ किलोवॉट, म्हणजे सुमारे २० अश्वशक्ती पुरते. ९० अश्वशक्तीच्या इंजिनाला ती जड नाही. जड जाते ते चौथ्या गिअरमध्ये १७०० आरपीएमवर तेवढी शक्ती देणे, कारण त्या फेऱ्यांना साध्या इंजिनाकडे तेवढीच जेमतेम असते, आणि वर एसी चालू असतो. तिसरा गिअर टाकून काटा २५०० वर नेला की तीच गाडी तक्रार न करता चढते. म्हणजे प्रश्न इंजिनाच्या कुवतीपेक्षा चालवणाऱ्याच्या सवयीचा अधिक आहे. गिअर खाली घेणे ज्याला कमीपणाचे वाटते, किंवा इंजिनाचा आवाज चढला की ज्याचा जीव कासावीस होतो, त्याला साधे इंजिन घाटात नेहमीच दुबळे वाटेल. घरात गाडी चालवणारे दोन-तीन जण असतील आणि त्यांतला एक नवशिका असेल, तर हा मुद्दा अधिकच पाहावा.

वजनाकडे आपण फार दुर्लक्ष करतो. रिकामी गाडी साधारण हजार किलोची आणि पाच माणसे व बॅगा मिळून पावणेचारशे किलो, म्हणजे गाडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भर. एकटा माणूस बसवून दिलेल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये जी गाडी चपळ वाटते ती लग्नाला निघालेल्या कुटुंबासह वेगळीच वागते. टर्बोमध्ये हा फरक कमी जाणवतो, आणि ज्यांच्या घरी गाडी म्हणजे नेहमी भरलेलीच गाडी असते त्यांच्यासाठी टर्बोच्या बाजूचे सर्वांत वजनदार कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट ओव्हरटेकिंगची. धुळे-नाशिकसारख्या चौपदरी महामार्गावर ताशी ८० ते ९० वेगाने चालताना दोन्ही इंजिनांत विशेष फरक पडत नाही. शेजारची मार्गिका मोकळी असली की ट्रक सावकाश मागे पडला तरी बिघडत नाही. पण अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा प्रवास ज्याला रोज करावा लागतो त्याची गोष्ट वेगळी. या रस्त्याच्या दुपदरी भागात केळीने भरलेला ट्रक पुढे, उसाची किंवा कापसाची ट्रॉली त्याच्याही पुढे, आणि समोरून वाहन येण्यापूर्वी मिळणारी मोकळीक थोडक्या सेकंदांची. अशा वेळी ताशी ४० वरून ८० वर लवकर जाता आले तर उलट दिशेच्या मार्गिकेत काढावा लागणारा वेळ कमी होतो. ही सोय ऐषआरामाची नाही, सुरक्षिततेची आहे. साध्या इंजिनाने हे जमते, पण दुसरा गिअर टाकून काटा ४००० च्या पुढे न्यायची तयारी लागते. टर्बोत तिसऱ्या गिअरमध्ये नुसता पाय दाबून भागते. अर्थात ताकद हाताशी आहे म्हणून जिथे जागा नाही तिथेही घुसण्याचा मोह टर्बोवाल्याला अधिक होतो, हेही पाहण्यात आहे.

कागदावर घाटांच्या आणि दुपदरी लांब प्रवासांच्या नोंदी महिन्याला दोन-चार तरी निघाल्या तर टर्बोचा विचार करावा. घर ते दुकान, दुकान ते मार्केट कमिटी, शनिवारी मळा आणि सणावारी एखादा लांबचा प्रवास एवढेच निघाले तर टर्बो बहुतेक वेळ नुसता सोबत फिरत राहील. त्यातही रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल तर टर्बो इंजिन घेऊच नये असे मी म्हणेन. ते पुरते तापण्याआधीच बंद होते आणि सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत न जळलेले पेट्रोल ऑईलमध्ये उतरून त्याचा दाटपणा कमी करते.

ॲव्हरेजचा हिशेब

फ्राँक्सच्या दोन्ही मॅन्युअल गाड्यांचे प्रमाणित ॲव्हरेज जवळजवळ सारखे आहे. साधे इंजिन लिटरला २१.७९ किलोमीटर आणि टर्बो २१.५. हे आकडे पाहून ‘टर्बो पेट्रोल पितो’ ही समजूत खोटी वाटेल, पण ती पूर्ण खोटी नाही. चाचणी प्रयोगशाळेत ठरलेल्या सौम्य वेगाने होते, तिथे टर्बोला दाब फारसा द्यावा लागत नाही आणि इंजिन लहान असल्याचा लाभ मिळतो. रस्त्यावर आपण त्याची ओढ वापरू लागलो की दाबलेल्या हवेच्या प्रमाणात पेट्रोलही जाते, शिवाय भाग तापू नयेत म्हणून जोराच्या वेळी मिश्रण थोडे अधिक पेट्रोलचे ठेवले जाते. म्हणून टर्बोचे ॲव्हरेज चालकाच्या पायावर साध्या इंजिनापेक्षा कितीतरी अधिक अवलंबून असते. शांतपणे चालवणाऱ्याच्या हाती दोन्ही गाड्या जवळपास सारखेच देतील.

तरीही हिशेबासाठी साधे इंजिन लिटरला १६ आणि टर्बो १४ देईल असे धरू. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला अनुक्रमे ७५० आणि सुमारे ८५७ लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर वर्षाचा फरक ११,२५० रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे महिन्याला हजाराच्या आत. सुखवस्तू माणसाला एवढ्यासाठी मन मारायचे कारण नाही. खरी रक्कम सुरुवातीच्या किमतीत असते. टर्बो इंजिन बहुधा वरच्या व्हेरियंटमध्येच मिळते, त्यामुळे नको असलेल्या सनरूफचे पैसेही त्यासोबत द्यावे लागतात. दोन्ही इंजिने एकाच व्हेरियंटमध्ये असतील तर त्यांचीच ऑन-रोड किंमत शेजारी शेजारी मांडून घ्यावी, अन्यथा इंजिनाची किंमत किती आणि सजावटीची किती हे कळत नाही.

वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्या माणसाने सीएनजीही पाहावा. कंपनीतून बसून येणारे सीएनजी किट बहुतेक साध्या इंजिनांबरोबरच मिळते. टाटा नेक्सॉनने २०२४ मध्ये टर्बो इंजिनासह सीएनजी आणला, तो अपवाद ठरला. आपल्या तालुक्यात पंप कुठे आहे आणि तिथे रांग किती असते, हे मात्र आधी स्वतः जाऊन पाहावे.

एथेनॉल मिसळलेल्या, म्हणजे ई-२० पेट्रोलबद्दलची शंका दोन्ही इंजिनांना सारखीच लागू आहे. एथेनॉलमधून पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता मिळते, त्यामुळे ॲव्हरेज दोन्हींचे थोडे घटते. त्याच वेळी एथेनॉलमुळे इंधनाचा ऑक्टेन वाढतो आणि नॉकिंगला विरोध होतो, हे टर्बोच्या पथ्यावर पडते.

धूळ, ऑईल आणि गॅरेज

‘टर्बो टिकत नाही’ असे कुणी सांगितले तर त्याने ऑईल वेळेवर बदलले होते का, हे आधी विचारावे. टर्बोची चक्रे ज्या दांड्यावर फिरतात तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो आणि त्याच्या एका बाजूला आठशे-नऊशे अंशांचा धूर असतो. ऑईल जुने झाले, पातळी उतरली किंवा हलक्या प्रतीचे भरले, तर साधे इंजिन बरेच दिवस सोसते, टर्बो सोसत नाही. सर्व्हिस पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच फुल सिंथेटिक ऑईल भरावे आणि किलोमीटर पूर्ण झाले नाहीत तरी वर्षाची मुदत पाळावी. आपल्याकडची धूळ, ऊन आणि कमी अंतराचे प्रवास लक्षात घेता मी तर मुदतीआधीच बदलण्याच्या बाजूचा आहे.

एअर फिल्टरबाबतही हेच. उन्हाळ्यात शेतरस्त्यांवरून फिरणारी आणि कापूस-मक्याच्या हंगामात मळणीच्या धुळीतून जाणारी गाडी पुण्या-मुंबईच्या गाडीपेक्षा फिल्टर लवकर भरते. फिल्टर चोंदला की साध्या इंजिनाची ओढ कमी होते एवढेच. टर्बोत मात्र फाटका किंवा नीट न बसवलेला फिल्टर धुळीचे कण थेट लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांवर सोडतो आणि त्यांची धार झिजवतो. फिल्टरचा डबा उघडल्यावर क्लिप नीट बसली की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे.

चालवण्याच्या दोन सवयी टर्बोवाल्याने अंगी बाणवाव्यात. पहिली, घाट चढून वर आल्यावर किंवा महामार्गावरून जोरात येऊन ढाब्यावर थांबल्यावर लगेच किल्ली फिरवू नये. मिनिटभर इंजिन चालू ठेवावे, म्हणजे फिरते ऑईल टर्बोतली उष्णता घेऊन जाते. नाहीतर तिथेच अडकलेले ऑईल करपून त्याचा कोळसा होतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत टर्बोला पाण्याचेही कूलिंग असते, त्यामुळे ही काळजी पूर्वीइतकी कडक राहिली नाही, पण मिनिटाने काही बिघडत नाही. दुसरी, ॲव्हरेजच्या लोभाची जुनी सवय सोडावी, जी खान्देशात फार खोल रुजलेली आहे : ताशी ४० वर टॉप गिअर टाकायचा आणि तिथूनच पाय दाबून गाडी ओढायला लावायची. साधे इंजिन यावर धडधडून निषेध नोंदवते. लहान टर्बो इंजिनात मात्र कमी आरपीएम आणि जास्त भार यांचा संयोग झाला की मिश्रण वेळेआधीच पेटण्याचा धोका असतो, आणि तो पिस्टनपर्यंत जाऊ शकतो. गिअर एक पायरी खाली घेतला की हा धोका टळतो.

गॅरेजचा प्रश्न ग्रामीण ग्राहकाने गांभीर्याने घ्यावा. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या माणसाला कंपनीचे सर्व्हिस सेंटर गाठायला अर्धा दिवस मोडावा लागतो. साधे इंजिनही आता संगणकावरच चालते, त्यामुळे गावच्या मिस्त्रीला सगळे जमेल असे नाही, पण प्लग, फिल्टर, कूलंट, बेल्ट यांपलीकडे त्याला सहसा फारसे काही होतही नाही. टर्बोत दाबाच्या नळ्या, इंटरकूलर, दाब मर्यादेत ठेवणारी वेस्टगेट नावाची झडप, सेन्सर असे जास्तीचे भाग असतात आणि टर्बोचार्जर बदलायची वेळ आली तर खर्च हजारो रुपयांत जातो. गाडी सात-आठ वर्षे ठेवायची असेल तर टर्बोबरोबर वाढीव वॉरंटी घ्यावीच, आणि तिच्यात टर्बोचार्जरचा समावेश आहे का हे कागदावर वाचून घ्यावे.

ऑटोमॅटिक घेणाऱ्यांनी इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही तपासावा. साध्या इंजिनाबरोबर बहुधा स्वस्तातला एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणारा साधाच गिअरबॉक्स मिळतो, तो गिअर बदलताना झुलतो पण दुरुस्तीला सोपा असतो. टर्बोबरोबर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी ऑईलमधून जोर पोहोचवणारा ऑटोमॅटिक, आला तर उत्तम. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, असेल आणि त्याचे क्लच कोरडे (ऑईलमध्ये न बुडालेले) असतील, तर चैत्रात पायी भाविकांच्या मागून नांदुरीच्या रस्त्याला इंच इंच सरकताना ते तापतात. अशा गर्दीत गाडीला रेंगाळू न देता थोडी जागा होऊ द्यावी आणि मग पुढे घ्यावी.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी

शोरूमभोवतीची सपाट फेरी निरुपयोगी असते. शक्य असल्यास दुपारच्या उन्हात, चार-पाच जणांना बसवून आणि एसी पूर्ण चालू ठेवून दोन्ही इंजिने एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवावीत. धुळेकरांना लळिंगचा चढ जवळ आहे. जळगाव-भुसावळकडे सपाटीच अधिक, तिथे एखाद्या उड्डाणपुलाचा चढ पाहून ठेवावा. गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवून दुसऱ्या गिअरमध्ये उचलावी आणि टर्बोची उसंत आपल्याला सोसवते का ते पाहावे. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ८० पर्यंत न्यावी आणि दोन्हींतला फरक मनाशी नोंदवावा. चढावर थांबून पुन्हा निघावे. शेवटी ज्या कुटुंबीयांच्या हाती गाडी अधिक राहणार आहे त्यांना चालवायला द्यावी, आणि त्या वेळी विक्रेत्याला मागच्या सीटवर बसवावे, म्हणजे सूचना कमी होतात. साध्या इंजिनात आपली माणसे समाधानी दिसली तर तिथेच निर्णय झाला असे समजावे. वाचलेल्या पैशांत चांगले टायर आणि अधिक सुरक्षा-साधने असलेला व्हेरियंट येतो.

जुनी टर्बो गाडी घेताना

जुन्या बाजारात टर्बो पेट्रोल गाड्या आता आकर्षक भावात दिसतात, पण तिथे पारडे साध्या इंजिनाकडे झुकते, कारण पहिल्या मालकाने ती कशी वागवली हे आपल्याला दिसत नसते. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला सांगावे. थोडा वेळ चालल्यावर रेस दिली असता निळसर धूर आला तर ऑईल जळते आहे. वेग घेताना शिट्टीसारखा हलका आवाज काही गाड्यांत स्वाभाविक असतो, पण सायरनसारखा चढता किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर दांड्याचे बेअरिंग संपत आलेले असते. इंटरकूलरच्या नळ्यांच्या जोडांवर ऑईल ओघळले आहे का ते बोनेट उघडून पाहावे. गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची असेल तर ती ई-२० ला अनुकूल आहे का, हे कंपनीच्या पुस्तिकेतून तपासावे. आणि सर्वांत आधी सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. ऑईल वेळेवर बदलल्याच्या पावत्या दाखवता येत नसतील तर भाव कितीही कमी असला तरी ती गाडी सोडून द्यावी आणि त्याच पैशांत साध्या इंजिनाची, एखादे वर्ष नवी गाडी शोधावी.